तळहात वर, तळहात खाली

आबा,

तुमच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसायचं, हे आपल्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळायचं. डावा कान तुम्ही तोफखान्यात ठेवून आलात. कुणी विचारलं की म्हणायचात, "त्यो सरकारजमा झाला," आणि वर स्वतःच हसायचात. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की कुठल्या बाजूला बसायचं हा प्रश्नच उरला नाही, म्हणून लिहिते. सांगायचंय ते जिवंत माणसाला सांगायला जीभ वळत नाही. माझेही कान गेले, आबा. तुमचा निदान तोफेनं गेला, वाजतगाजत गेला. माझे कशानं गेले देव जाणे, गुपचूप गेले. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, याला औषध नाही, मशीन लावा. मी मशीन घेतलं, पर्सच्या तळाला घातलं आणि जतच्या एसटीत बसले. साऱ्या वाटेत डोक्यात एकच, मॅडम बहिऱ्या आहेत हे कळल्यावर मला वर्गात कोण उभं राहू देईल? आणि वर्ग सोडून मला दुसरं येतं तरी काय?

माझी जतला नेमणूक झाली तेव्हा आई म्हणाली होती, "पोरीला काळ्या पाण्यावर धाडलं." तुम्ही मात्र मेढ्याच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगत सुटलात, "आमची पोरगी गणिताची मास्तरीण हाय." आता पोरं मला इथलीच समजतात. निम्म्या घरांत कानडी बोलतात, त्यामुळे पोरं मराठीत उत्तर देताना आवाज खाली घेतात, चुकलं तर कुणी हसायला नको म्हणून. आधी मला ते ऐकू यायचं. मग एक दिवस मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून काहीतरी पुटपुटली आणि मी म्हटलं, "शाब्बास! अगदी बरोबर!" वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. ती बिचारी विचारत होती, पाणी प्यायला जाऊ का. मीही हसले. घरी येऊन मात्र धाय मोकलून रडले, खोटं कशाला सांगू. त्याच आठवड्यात मनाशी ठरवलं, हे वर्ष संपलं की मुख्याध्यापकांना भेटायचं आणि नोकरीला रामराम ठोकायचा.

शाळेच्या कपाटात तेव्हा एक खोकं पडून होतं. आमचा एक जुना विद्यार्थी परदेशात आहे, त्यानं शाळेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर पाठवले होते. साध्या कॅल्क्युलेटरपेक्षा जाडजूड, वर छोटा पडदा. समीकरण घातलं की त्याची रेघ काढून दाखवतो. सरळ असेल तर सरळ, वाकडी असेल तर वाकडी. कुणी हात लावत नव्हतं. परीक्षेला चालत नाही, मग काय पुजायचाय, असा सगळ्यांचा हिशोब. मी म्हटलं, मी घेते. मुख्याध्यापक खूश झाले, मॅडमना केवढा उत्साह! कसला उत्साह न् कसलं काय. माझं गणित वेगळंच होतं. पडद्यावर उत्तर आलं की पोरांना बोलायला नको आणि मला ऐकायला नको. बाकांमधून फिरायचं आणि नुसतं बघायचं. वर्ष तरी निभेल.

पण पोरं बटणच दाबेनात. एकानं चुकीचा आकडा घातला, रेघ पडद्याबाहेर कुठल्याकुठं गेली, तर त्यानं ते यंत्र असं खाली ठेवलं की जणू ते फुटलंच. "मॅडम, बिघडलं वो." बाकीच्यांनी हात मागं घेतले. चुकायला इतकं भ्यायचं! मी चिडून ओरडणार होते, आणि तेवढ्यात, आबा, तुम्ही आठवलात.

ओढ्याच्या काठी मी उभी आहे. पलीकडच्या आंब्याला कैऱ्या लागल्यात आणि माझे धोंडे एकही लागत नाहीत. मी रडकुंडीला आलेय. तुम्ही मागं हात बांधून बघताय. "रडतीस कशाला? पयला गोळा कुणाचा लागतोय? आमच्या मेजरसायबाचाबी न्हाई लागला कवा. धोंडा कुठं पडला त्ये बघ की." मी बघते. एक धोंडा लांब गेला. पुढचा अलीकडं पडला. "आता ह्या दोघांच्या मधी टाक," तुम्ही म्हणता, आणि मी टाकते, आणि कैरी पाण्यात पडून वाहून जाते, आणि तुम्ही पायजमा वर करून तिच्यामागं धावता. आई काठावरून ओरडते आहे, तुम्हाला ती ऐकूच येत नाही.

घरातही तुमचा तोच कारभार. आईच्या हाकांनी अख्खी आळी जागी व्हायची म्हणून तुम्ही दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. आई भात वाढतेय. तुम्ही तळहात वर उचलता, म्हणजे वाढ. तळहात खाली दाबता, म्हणजे कमी कर. आणि एका तळहातावर दुसरा हात आडवा मारता, कुऱ्हाड मारल्यागत, म्हणजे मधोमध, निम्मं. चहातली साखर, रेडिओचा आवाज, माझ्या खोडीची शिक्षा, सगळं ह्या तीन खुणांवर चालायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच जेवतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी खेळ मांडला. चार-चार जणांची तुकडी. एकानं आकडा घालायचा, बाकीच्यांनी पडदा बघून फक्त हातानं सांगायचं: वाढव, कमी कर, मधोमध. जो तोंड उघडेल त्याची तुकडी बाद. फळ्यावर मी तोफ काढली, समोर किल्ला काढला. तेव्हा ती पाण्याला जाऊ का विचारणारी मुलगी उभी राहिली. ह्या वेळी मी मुद्दाम तिच्याजवळ गेले. "मॅडम, गोळा कशाला टाकायचा कुणाच्या अंगावर? टँकरची धार बॅरलात पाडूया की." सगळा वर्ग तिच्या बाजूनं झाला. मलाही पटलं. टँकर आला की नळीची धार बॅरलापर्यंत पोचली पाहिजे, अलीकडं पडली की पाणी मातीत, पलीकडं पडली तरी मातीत. हे ह्या पोरांना मी काय शिकवणार! तुमची तोफ पुसली, आबा, राग मानू नका. टँकर काढला.

पडद्यावर बॅरल आठच्या आकड्यावर धरलं होतं. पोरांनी धारेच्या समीकरणात क्षच्या वर्गापुढं शून्य दशांश एक घातलं, धार दहावर जाऊन पडली. हात खाली दाबले गेले. आकडा वाढवला की धार लांब जाईल असंच सगळे धरून चालले होते, म्हणून एकानं तो कमी केला, तर धार आणखीनच लांब! डोळे मोठे झाले, पण कुणी ब्र काढला नाही. मग दीड दशांश, म्हणजे शून्य दशांश एक पाच घातलं, धार अलीकडं पडली. मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं उठून हातावर हात आडवा मारला. तुमची कुऱ्हाड, आबा. हुबेहूब. शून्य दशांश एक दोन पाच. धार बरोब्बर बॅरलात. आणि नियम बियम विसरून वर्ग असा ओरडला की मला, मलासुद्धा, ऐकू आलं.

मग रोजचंच झालं. मुख्याध्यापक एकदा दारातून डोकावले. सगळा वर्ग चिडीचूप आणि हात वर-खाली. "सगळ्यांना शिक्षा केली का हो मॅडम?" मी म्हटलं, "न्हाई सर, पाणी भरतायत." ते मान हलवत गेले. चुकायची भीती पोरांची कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही. आता पहिला आकडा कुणीही बिनधास्त घालतं.

आणि मग परवाचं सांगते. कॅल्क्युलेटर कपाटात होते, मी फळ्यावर साधं प्रमेय शिकवत होते. वळले तर पुढच्या बाकावरचा मुलगा तळहात खाली दाबतोय. मला कळेना. मग उमगलं, मी ओरडत होते. बहिरं माणूस ओरडतं, तुम्ही ओरडायचात तसं. मी आवाज उतरवला, त्यानं हात खाली घेतला आणि वहीत लिहायला लागला. पुढं मी एक प्रश्न विचारला. मागून कुणीतरी उत्तर देत होतं, ओठ हलत होते, मला काही कळत नव्हतं. आणि मी काही बोलायच्या आत सगळ्या वर्गानं मागं वळून त्याच्याकडं बघत तळहात वर उचलले. वाढव. वाढव. तो मोठ्यानं बोलला. उत्तर बरोबर होतं.

त्यांना ठाऊक होतं, आबा. कधीपासून होतं कोण जाणे. कुणी हसलं नाही, कुणी घरी सांगितलं नाही, कुणी मला विचारलं नाही. मी फळ्यावरचं प्रमेय पुरं केलं, खडू ठेवला. मग मुख्याध्यापकांकडं गेले. रामराम ठोकायला नाही, कानाचं सांगायला. ते म्हणाले, "मॅडम, हे तर शिपायालाबी म्हाईत हाय. मशीन लावा आन् तासाला जावा."

मशीन लावलंय. चिमण्या किती कटकट करतात हे विसरलेच होते. पण तुमचं मशीन आठवतं का? साताऱ्याहून आणलं होतं, माजी सैनिकांच्या दवाखान्यातून, आणि तुम्ही ते दाढीच्या डब्यात टाकलं. आई रोज भांडायची, "आवं, लावा की त्ये कानाला!" तुम्ही ऐकू न आल्यासारखं करून ताटावर तळहात उचलायचात आणि ती चिडत चिडत भात वाढायची. मला वाटायचं, हट्टी म्हातारा.

हे पत्र कुठं टाकणार? घडी घालून मशीनच्या डबीखाली ठेवते. फक्त एक कबूल करते, ते आईला सांगू नका, भेटली तर. तासाला मी कधी कधी ते मशीन हळूच बंद करते. पोरांनी मागं वळून माझ्यासाठी हात वर करावेत म्हणून. तुमीबी त्यासाठीच करत होता काय, आबा?