अफू कुणाला धरते

बा, तू गेलास तेव्हा मी परकरात होते, आता माझ्या मांडीवर माझी पोरगी आहे. आत्ता ती रडतेय. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, "काय गं, पोर रडतंय का रेडिओ घेतलास?" मी म्हटलं, "रडू दे. ऐकायला बरं वाटतं."

का ते तुलाच सांगते. ह्यांचं शहाडच्या कारखान्यातलं काम सुटलं. हे काम शोधत फिरायचे, मी लोकांची धुणीभांडी धरली. पोरगी निजावी म्हणून सासूबाई मोहरीएवढी अफू दुधात उगाळायच्या. चाळीत सगळ्याच देतात. मग ते उगाळणं माझ्याकडे आलं. बोटाला राहिलेलं मी चाटलं, फुकट कशाला घालवा म्हणून. जरा वेळानं भाडं, चूल, ह्यांचा उतरलेला चेहरा, सगळं लांब गेलं. शेजारीणही बोट चाटते, तिला काही नाही. मला मात्र कधी एकदा दुपार होते असं व्हायला लागलं. बोटाला जास्त राहावं म्हणून मोहरीएवढीची ज्वारीएवढी केली मी. तेवढीच पोरीच्या पोटातही गेली.

एक दिवस ती दुधाला उठेना. ओठ निळे. तशीच उचलून कल्याणच्या दवाखान्यात पळाले. डॉक्टरीणबाई तिच्या तळव्यांना टिचक्या मारतायत, तोंडाला तोंड लावून फुंकतायत, आणि मी दाराला धरून उभी. मग पोरगी किंचाळली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. तूही घेतेस?" मी म्हटलं, "माझा बा खायचा. रक्तातच असंल माझ्या." "रक्तात थोडं असेलही. आधी घरचं सांग." मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अगं, रोजची धास्ती असली की डोकं थकतं. मग जिथं जरा सुटका मिळेल तेच धरून बसतं. घोर नसलेल्या माणसाला तीच अफू इतक्या लवकर धरत नाही."

बा, बाळकुमच्या मिठागरावर पाठ दुखली की सगळेच चिमूटभर घ्यायचे, अन् दुसऱ्या दिवशी विसरायचे. धरली तुला एकट्याला. दादा खाडीत बुडाला, आईनं अंथरूण धरलं, त्यानंतर. "पोरी, हे खाल्लं की पाठ आपली राहत नाही," म्हणायचास. पाठीचं नव्हतंच ना ते? तेव्हा मला वाटायचं तू आम्हाला टाकून त्या गुंगीत जातोस.

पोरीची हळूहळू सुटली, माझीही. अंग मोडून यायचं, आता नाही. ह्यांना काम लागलंय. दुपारी शेजारीण पोरीला घेते, मी नुसती पडते. भीती आहे अजून, पण त्या भीतीसोबत जेवता येतं.

सासूबाईंना वाचता येत नाही, तरी हा कागद चुलीत घालीन. सासरी मी सांगितलंय की तू तापानं गेलास, अफूनं नव्हे. अजून तेच सांगते, बा.