ओवाळणीतला कागद

मुलींचं वसतिगृह, सोलापूर
३० ऑक्टोबर २०२३

ती. आत्यास,
संस्कृतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू लगेच चकल्यांवर घसरतेस, म्हणून मुद्दाम पत्र. सरकारी कॉलेज झकास आहे. पण माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. एका घरातल्या दोनच मुलांना ती मिळते आणि बाबांच्या नावावर दोघं आधीच झालेत म्हणे. एक आपला दिग्विजयदादा. दुसरं कोण? क्लार्कबाईंना म्हटलं, अहो, आम्ही भावंडंच मोजून दोन! दादाचा अर्ज तूच भरला होतास, तुला ठाऊक असेल. वीस तारखेच्या आत हे सुटलं नाही तर कॉलेज सोडून मला मंगळवेढ्याची एसटी धरावी लागेल.

तुझ्या अभीदादाची जुनी पुस्तकं वापरतेय, त्याच्या रेघोट्यांसकट.

माया आहेच, ती पातळ करू नकोस.
तुझी संस्कृती

बार्शी
४ नोव्हेंबर २०२३

चि. संस्कृतीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पोरी, लपवून काय करू? दुसरं नाव आमच्या अभिमन्यूचं. ह्यांच्या पगारामुळे त्याला शिष्यवृत्ती बसत नव्हती. शाळेसाठी तो तुमच्याकडेच वाढला, रेशनकार्डावरही तुमच्याच. चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला ओवाळलं, तुझ्या बाबांनी ओवाळणी काय घालू विचारलं, तर मी ताटात प्रतिज्ञापत्र ठेवलं. मला दिग्विजय आणि अभिमन्यू अशी दोनच अपत्ये आहेत, असं त्यात होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. पोरीचं काय, असंही विचारलं. ते म्हणाले, ती लगीन होऊन जाणार, तिला कालिज कुटलं! आणि अंगठा नाही हं, ऐटीत सही ठोकली.

माझं चुकलं गं. अभीला नोकरी लागली की तुला काही कमी पडू देणार नाही. रागव, पण आत्याला तोडू नकोस.
तुझी आत्या

सोलापूर
८ नोव्हेंबर २०२३

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आई वाचून दाखवेल. आई, मध्ये थांबू नकोस.

आत्याने सगळं कळवलंय. तिने निदान स्वतःच्या लेकासाठी केलं. तुम्ही मला फसवलंत बाबा, आणि वर चार वर्षं माझ्या मार्कांचे पेढे वाटलेत.

बँकेत अंगठा लावायची तुम्हाला लाज वाटायची, म्हणून आठवीच्या सुट्टीत मीच तुमच्या हातात पाटी दिली होती. ‘रावजी’ लिहायला तुम्हाला महिना लागला. वेलांटी हटकून उलटी जायची. त्याच दिवाळीत ती सही कुठे केलीत, ते मला आत्ता कळलं.

सोबत नवं प्रतिज्ञापत्र आहे. अपत्ये दोनच, पण खरी, दिग्विजय आणि संस्कृती. हे दाखल झालं की अभीदादाला घेतलेलं सगळं परत करावं लागेल आणि आत्या तुमच्याशी बोलणार नाही. ठाऊक आहे मला. तरी भाऊबीजेच्या आधी सही करून पाठवा.

दिवाळीला मी येत नाही. कागद आला नाही, तर तुमचा पहिलाच कागद खरा धरेन. तुम्हाला दोनच मुलं, आणि त्यात मी नाही.

लोभ असू द्या, असं या वेळी लिहवत नाही.
संस्कृती