बेचाळीस घरं, एक नंबर

३ मार्च, सोमवार
पासली गावात मी इंटरनेट पुरवतो ती बेचाळीस घरं, लाइन एकच. सगळे एकदम रील बघायला बसले की कुणाचंच काही चालत नाही. शुक्रवारी अकराला पुतणी सुलक्षणाची नोकरीची ऑनलाइन मुलाखत. म्हणाली, "काका, पुण्याला आत्याकडं जाऊ का?" कशाला? राउटरमध्ये प्राधान्यक्रम लावतो. मुलाखत, दवाखाना, अभ्यास आधी, रील शेवटी. मी बी.एस्सी. आहे.

४ मार्च
क्रम लावला. सुलक्षणा एक नंबर. पण सख्ख्या पुतणीला पहिलं ठेवणं हा पक्षपात नव्हे का? व्यवहार उघड हवा, म्हणून यादी भैरवनाथाच्या देवळात डकवली. लोक समजूतदार आहेत.

५ मार्च, सकाळी ७
गेनबा दारात. "पालखीला पयला खांदा आमच्या घराचा, आन् हितं सतरावा नंबर?" म्हटलं, हा मान नाही, क्रम आहे. म्हणाले, "मग द्या की पयला. तुमचं काय जातंय?" दिला. वडीलधारे आहेत. अपवाद हा एकच.

दुपारी
भामाबाई. आजारी शेळी डॉक्टरला व्हिडिओवर दाखवायचीय. "माजी शेळी काय रील हाय व्हय?" मुद्दा बिनतोड. एक नंबर.

६ मार्च
बेचाळीसही घरं एक नंबरवर. तक्रार शून्य. गावात असं ऐक्य पूर्वी पाहिलं नव्हतं. सुलक्षणानं विचारलं, "मग माझा नंबर?" म्हटलं, एकच की. "उद्या सकाळची एसटी धरू का?" मी हसलो. विश्वास ठेव म्हटलं.

७ मार्च, १०.५०
खबरदारी म्हणून दर मिनिटाला स्पीड टेस्ट चालू ठेवलीय.

११.०४
वेग घसरला. आता टेस्ट दर दहा सेकंदांनी.

११.२०
सुलक्षणा आली. पहिल्याच प्रश्नाला चित्र थांबलं. तीनदा जोडलं, तीनदा तुटलं. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला सोडून पुढच्या उमेदवाराला घेतलं. एवढंच म्हणाली, "काका, एसटी सव्वासहाला होती."

दुपारी ३
अकराला लाइन कुणी अडवली ते शोधायचं आणि त्याचं नाव देवळात लावायचं ठरवलं. मग तो कुणीही असो. राउटरमधल्या वापराच्या नोंदी काढल्या. गेनबांचा मोबाईल बंद. भामाबाई शेळीसकट रानात. सगळ्यात वर माझा संगणक. टेस्ट सगळी लाइन भरूनच वेग मोजते. हे मला माहीत होतं.

संध्याकाळी
आज देवळात जायला जमणार नाही.