बाबांच्या हातचा घास

खारघर,
रविवार, १२ जानेवारी

प्रिय अंकुशदादा,

सप्रेम जय भीम. वहिनी बरी असेल, चिपळूणचं हॉटेलही जोरात चाललं असेल. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कुरिअरनं पत्र धाडतेय.

आई ठीक आहे. सोसायटीत पाण्याची बोंब आहे, ती नेहमीचीच.

तू मला चिडवायचास ना, "अस्मे, तुझ्या त्या बैजिक भूमितीचा भाजी आणायला तरी उपयोग होतो का?" भाजी आणायला नाही, पण वरणभात भरवायला होतो! ऐरोलीला आमच्या ऑफिसात यंत्रमानवांचे हात बनतात. त्यातला एक जुना मी बाबांसाठी मागून आणलाय. त्यांचे दोन्ही हात आता उचलत नाहीत, ते आईनं तुला कळवलंच होतं. पायाखालचं बटण दाबलं की यंत्राचा हात वाटीतून चमचा भरतो आणि तोंडाशी नेतो.

ऐकायला सोपं आहे. हाताला सहा सांधे. कुठला सांधा किती वळवायचा ते माहीत नसतं, फक्त चमचा कुठे यायला हवा ते माहीत असतं. त्याची समीकरणं मांडायची आणि ती सगळी एकदम जिथे जुळतात ते बिंदू शोधायचे, हीच माझी भूमिती. गंमत म्हणजे उत्तर एकच येत नाही. कोपर वर ठेवा, खाली ठेवा, मनगट उलटं करा, चमचा येतो तिथेच. गणिताला सगळीच उत्तरं मान्य, म्हणून मीही सगळी तशीच ठेवली. पहिल्याच दिवशी यंत्रानं अर्ध्या वाटेत एक उत्तर सोडून दुसरं धरलं. कोपर गर्रकन फिरलं आणि वरण थेट आईच्या नव्या साडीवर. आई म्हणाली, "त्याला सांग, जेवताना नाचायचं नसतं." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ठसका बराच वेळ थांबला नाही, दादा. ते मी शेवटी लिहिणार होते.

मग मी त्याला एकच उत्तर शेवटपर्यंत धरून ठेवायला लावलं, आता हात शहाण्यासारखा वागतो. काल बाबांनी एक घास घेतला आणि दुसऱ्या घासाला मानेनं आईकडे खूण केली. त्यांना तिला भरवायचं होतं. पण समोर बसलेल्या आईपर्यंत हात पोचेना. पूर्ण ताठ झाला की तो अडकतो, वळायला जागाच उरत नाही. मग मी पुन्हा समीकरणं घेऊन बसले, हात जरा वाकलेला राहील अशी जागा काढली, फरशीवर खडूनं खूण केली आणि तिथे स्टूल मांडलं. आईनं घास घेतला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मलाही रडू आवरलं नाही.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले (त्यांचं बोलणं आता आम्हा दोघींनाच कळतं), "अंकुशच्या हाटेलातलं वरन दाट असतं का, इचार." पातळ त्यांना चालत नाही. "तुझ्या हाटेलातला घास माझ्या तोंडात जानार नाय," असं म्हणून उद्घाटनातून उठून आलेला हा माणूस! पोर्टातली नोकरी तू सोडलीस त्याचा राग त्यांनी धरला, त्यांच्या बोलण्याचा राग तू धरलास. दोघेही ताठ.

आता टाळत होते ते लिहिते. त्यांना गिळता येईनासं झालंय. शुक्रवारी पोटात नळी बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर तोंडानं काही द्यायचं नाही, चमचाभरही नाही. यंत्राचा हात मी परत करणार.

बाबा माफी मागणार नाहीत. शब्द नीट फुटत नाहीत, आणि फुटले असते तरी तुला बाबा माहीत आहेत. पण आज आई स्टूल उचलायला गेली तर त्यांनी उचलू दिलं नाही. "अंकुश," एवढंच म्हणाले.

तू आईपेक्षा उंच. म्हणून तुझ्या तोंडाची जागा मी नव्यानं काढून यंत्रात भरून ठेवली आहे. शुक्रवारच्या आत ये. वरण आण, दाट. एक घास त्यांना, एक तुला.

खडूची खूण पुसू न देणारी,
तुझी अस्मे