मागच्या खोलीतली वलनी

बाबा,

परवा आमच्या स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत छताला टांगायचा कपड्यांचा स्टँड बसवायला एक माणूस आला होता. दोरी ओढली की वर जातो, सोडली की खाली येतो, तसला. भोकं कुठे पाडायची, एवढंच त्याने विचारलं. तेवढ्यात आई काठी टेकत आतून आली. ऐंशीच्या पुढे गेली आहे ती आता, दिसतंही कमी. तिने छताकडे पाहिलंसुद्धा नाही. "जायच्या रस्त्यावर नोको. भितीकडं घे," म्हणाली आणि आपल्या खोलीत परत गेली. त्या माणसाने भिंतीकडे भोकं पाडली, स्टँड लावला, पसारा झाडला आणि गेला. तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन माझं अर्धं आयुष्य उलटून गेलं आहे आणि इतक्या वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही, मनातसुद्धा नाही. आज बोलते.

तुम्ही जंगल खात्यात नाकेदार होता. पवनीकडून लाखांदूरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलाच्या कडेला आपलं क्वार्टर होतं. पुढे पडवीसारखी सपरी, मधे एक खोली आणि मागे ती लांबट, अंधारी खोली, जिच्यात चूल, मोरी, सरपण, धान साठवायची ढोली, सगळंच मावलं होतं. वर कवेलूंचं छप्पर आणि ते पेलणारा, खोलीच्या मधोमध आडवा गेलेला सागाचा जाड मयाल. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही. खोलीत बांधलेल्या दोरीवर कपडे लोंबत राहायचे, वाळायचे मात्र नाहीत. त्या कुबट वासात मी वाढले. तुमच्याकडे खाकी गणवेशाचे दोन जोड होते आणि आपल्या घरातला दिवस कसा जाणार, ते त्या दोन जोडांवर ठरायचं. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तुमच्या वडिलांना गावच्या मालगुजारासमोर अंगभर कपडा घालून उभं राहायची सोय नव्हती. दीक्षेनंतर तुम्ही शिकलात, नोकरीला लागलात आणि आपल्या घरात पहिल्यांदा सरकारी कापड आलं. त्याची घडी मोडलेली तुम्हाला चालत नसे. हे कळल्यावर मला तुमची कीव आली. पण कीव आली म्हणून आईच्या पाठीवरचे वळ कुठे जात नाहीत.

एका श्रावणात मोठे साहेब दौऱ्यावर आले आणि तुम्हाला ओलसर गणवेशातच त्यांच्यापुढे उभं राहावं लागलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, तुम्हा लोकांना गणवेश देऊन काय उपयोग! हे आम्हाला कसं कळलं, तर तुम्ही घरी येऊन आईला मारता मारता सांगितलंत. एकेका शब्दाला कमरेचा पट्टा एकदा. "तुम्हा." "लोकांना." "गणवेश." मी ढोलीच्या मागे बसून ते वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहत होते. मला वाटलं होतं, वाक्य संपलं की तुम्ही थांबाल. तुम्ही ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत. तुम्ही दारूला कधी शिवला नाहीत. पौर्णिमेला विहारात तुमचा आवाज सगळ्यांच्या आधी लागायचा. कोणत्याही जिवाला इजा करणार नाही, असं तुम्ही डोळे मिटून म्हणायचात आणि बायकांच्या बाजूला पांढऱ्या लुगड्यातली आई सुजलेल्या गालावर पदर ओढून तेच म्हणत असायची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जंगलातून तीन भरीव बांबू आणलेत. दुपारभर सपरीत बसून तुम्ही ते तासलेत. हात लावला तर कूस लागू नये म्हणून कौलाच्या तुकड्याने घासलेत. तुमचा हात फार सुरेख चालायचा, बाबा. तिन्ही बांबू दोन आडव्या दांड्यांना बांधून त्यांची कपडे वाळत घालायची वलनी केलीत आणि विहिरीवरची जुनी लोखंडी गडगडी आणून ती मयालाला टांगायला शिडीवर चढलात. आई खाली शिडी धरून उभी होती. आदल्या दिवसाच्या मारामुळे तिला मान वर करता येत नव्हती, तरी तिने मान वर केली. "इथं नोको ना," ती म्हणाली. "मी पानी घेऊन येतो तं डोक्याले लागंल. चुलीकडच्या भितीले घ्या. धगही लागंल, लवकर सुकंल."

"मयाल इथं आहे तं वलनी इथंच राहील. तुले कोनी अक्कल विचारली?"

"विचारली नाही. पन रोज मलेच जा लागते ना इथून."

तुम्ही हातातली हातोडी खाली फेकलीत. ती तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. आई अंगठा धरून खाली बसली आणि तुम्ही वर खिळा ठोकायला दगड मागितलात. मीच तो उचलून दिला. वलनी लागल्यावर तुम्ही दोरीचं टोक माझ्या हातात दिलंत. "ये माय, ओढून पाह्य. जमते तुले." मी ओढली. गडगडी करकरली आणि माझा ओला फ्रॉक हलत हलत वर गेला. मला हसू आलं. तुम्हीही हसलात. मोरीवर आई पायावर पाणी ओतत होती, ते पाणी लाल होऊन वाहत होतं. लहानपणी तुमच्याकडून मला मिळालेली सगळ्यात सुंदर वस्तू तीच आणि ती आठवली की हे दोन्ही एकदमच दिसतं.

आई म्हणाली होती तसंच झालं. चूल आणि मागचं दार यांच्या मधोमध ती वलनी लोंबायची. डोक्यावर मडकं घेऊन येताना ओल्या सतरंजीमागचा बांबू दिसायचा नाही. आईच्या कपाळावर कायमचं टेंगूळ झालं. एकदा मडकं बांबूला लागून फुटलं, तेव्हा तुम्ही त्याच्या खापरीने तिच्या दंडावर ओरखडे काढलेत. सावकाश, जणू काही लिहीत होता. वलनी हलवा, असं ती त्यानंतर कधी म्हणाली नाही.

मी सातवीत असतानाची गोष्ट. लाकूडचोरांच्या मागावर तुम्ही जंगलात मुक्कामाला गेला होता. आईने शिडी लावली, गडगडी सोडवली आणि चुलीकडच्या भिंतीजवळच्या, छपराखालच्या फाट्याला ती टांगली. भार पेलतो की नाही ते पाहायला ती स्वतः दोन्ही हातांनी बांबूला लोंबकळली. हवेत पाय उचललेली आई मी पहिल्यांदाच पाहिली. मग तिने सगळी वलनी ओल्या कपड्यांनी भरली, वरून भिजलेल्या दोन सतरंज्या टाकल्या आणि दोरी भिंतीतल्या खुंटीला बांधली. कपडे धगीने एका दिवसात वाळू लागले. तुम्ही परतलात तेव्हा तुमचा दुसरा जोड कोरडा, घडी घालून ठेवलेला होता आणि वलनीवर त्याच सकाळी पुन्हा धुतलेल्या सतरंज्या निथळत होत्या. तुम्ही तो पाहिलाच नाही. तुम्ही वर पाहिलंत.

"कोनी सरकवली?"

"मी."

"कायले?"

"डोक्याले लागत होती."

तुम्ही तिचे केस धरून तिला मयालाखाली ओढत आणलंत. "इथं होती. इथंच राहील," म्हणालात आणि तिचं डोकं तिथल्या खांबावर आपटलंत. मी तुमच्या पायाला मिठी मारली, तुम्ही मला झटकलंत, मी सरपणावर जाऊन पडले. तिथून मला सगळं दिसत होतं. आई सरपटत भिंतीकडे गेली, भिंतीला धरून उठली. तुम्ही चुलीतलं जळतं लाकूड उचलून तिच्यामागे गेलात आणि तिच्यासमोर उभे राहिलात, वलनीच्या बरोबर खाली. आईचा हात पाठीमागे खुंटीवर होता. तिने गाठ सोडली.

तीन भरीव बांबू आणि दोन ओल्या सतरंज्या तुमच्या खांद्यावर कोसळल्या. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तुम्ही खाली पडलात. आईने एक बांबू दोरीतून ओढून काढला, दोन्ही हातांनी धरला आणि तुमच्या डोक्याशी उभी राहिली. तिच्या कानामागून रक्त वाहत होतं. "उठू नोका," ती म्हणाली. तिचा असा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. "मी मारतो मंग. खरंच मारतो." तुम्ही उठला नाहीत. सतरंजीचं पाणी निथळत राहिलं आणि बाजूला पडलेलं जळतं लाकूड त्यात चुरचुरत विझलं.

मग आपण तिघं एसटीने पवनीला गेलो. आई तुमच्या शेजारी बसली होती आणि गाडी आदळली की तुमचा हात खालून धरत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तुम्ही म्हणालात, "लाकूड पडलं." डॉक्टरांनी आईच्या डोक्याकडे पाहिलं. "आणि यांना?" तुम्ही म्हणालात, "तेच." खांद्याचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून तुम्ही परत आलात आणि रोज सकाळी आई तुमच्या सदऱ्याची बटणं लावू लागली. तुम्ही छताकडे पाहत उभे राहायचात. ती खालून वर एकेक बटण लावत यायची, गळ्यापाशी आली की मी श्वास रोखायचे. कुणाच्या भीतीने, ते मला सांगता येत नसे. ते दिवस आपल्या घरातले सगळ्यात शांत दिवस होते.

खांदा बरा झाल्यावर तुम्ही तिला मारलं नाहीत. खरं ते लिहिते. बोलणंही टाकलंत. वलनी भिंतीकडेच राहिली, पण तुम्ही नवा नियम काढलात: चुलीकडचा पहिला बांबू गणवेशाचा, त्याच्यावर दुसरं काही टाकायचं नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी, मी माझा शाळेचा स्कर्ट त्या बांबूवर टाकला. मला झेंड्यापुढे गाणं म्हणायचं होतं. तुमची पँट मी दुसऱ्या बांबूवर सरकवली. ते चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुम्ही पँटला हात लावून पाहिलात. मला म्हणालात, "इकडं ये." मी आले. तुमचा तळवा माझ्या डाव्या कानावर बसला आणि खोलीतला अर्धा आवाज बंद झाला. तो अजून सुरू झालेला नाही.

आई मोरीवर भांडी घासत होती. ती उठली, हात धुतले, धान कापायचा विळा कोनाड्यातून काढून कमरेला खोवला. मग तिने तुमचा ओला गणवेश वलनीवरून काढला आणि चुलीत कोंबला. ओलं कापड पेटत नाही, धुमसतं. खोली धुराने भरली. तुम्ही खोकत "काय करून राहिली तू? काय करून राहिली?" एवढंच म्हणत होता. तिने माझं दप्तर घेतलं, माझा हात धरला. "मले मारलं, मी सोसलं," ती दारात उभी राहून म्हणाली. "हिले नाही." बस. लाखांदूरच्या गाडीत मी तिच्या उजवीकडे बसले होते. ती रस्ताभर काहीतरी बोलत होती. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण ते मी तिला सांगितलं नाही. तिचं बोलणं थांबलं असतं.

मामांकडे राहून आईने दुसऱ्यांच्या बांध्यांत धानाचं रोवणं केलं, मला शिकवलं. तुम्ही कधी आला नाहीत. काही वर्षांनी तुमचा एक जोडीदार निरोप घेऊन आला, की हिवतापाने तुम्ही गेलात. आम्ही दोघी गेलो. माणसं तुम्हाला सपरीत ठेवून थांबली होती. आई आधी मागच्या खोलीत गेली, तिच्यामागे मी. वलनी नव्हती. बांबू सरपणात तोडलेले दिसले. खिळ्याला तुमचा गणवेश टांगलेला होता. आईने त्याच्या बाहीला हात लावला. "ओलाच आहे," ती म्हणाली आणि बाहेर येऊन तुमच्या पायाशी बसली. ती रडली नाही. मीही नाही. नदीवरून परत येताना तिने मला विचारलं, "भूक लागली काय तुले?" लागली होती. आम्ही एसटी स्टँडवर भजी खाल्ली.

हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही आणि तुम्हाला ते पोचायचा प्रश्नच नाही. एक मात्र सांगून टाकते. लिहायला बसले तेव्हा मी ठरवलं होतं की आता तुम्हाला अरे-तुरे करायचं. पहिली दोन पानं तशी लिहिलीही होती: तू मारलंस, तू फेकलीस. मग ती फाडली आणि सगळं पुन्हा तुम्ही-तुम्ही करून लिहिलं. मानाने नाही, बाबा. 'तू' लिहिताना मी दर ओळीला मागे वळून दाराकडे पाहत होते.