ज्याचे हात स्टिअरिंगवर

प्रिय इल्यास,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रागावून नाही, थकून लिहिते आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पहिल्या ओळीलाच कागद बाजूला ठेवणार नाहीस.

गाडी अजून अंगणातच आहे, अंजिराच्या झाडाखाली, हॉलंडच्याच नंबरप्लेटवर. तुम्ही दोघे बोटीतून नादोरच्या बंदरात उतरलात त्या सकाळी बाबांची झोप झाली नव्हती, म्हणून स्टिअरिंगवर तू बसलास. आपल्याकडे जो गाडी चालवत आत आणतो, त्याच्याच नावावर ती सहा महिन्यांपुरती चढते आणि तोच ती बाहेर नेऊ शकतो. परदेशातून निवृत्त होऊन परतणाऱ्याला आयुष्यात एकदाच मिळणारी जकातीची सूट बाबांची होती. नाव तुझं लागलं. रांगेतल्या सगळ्यांसमोर ते तुला म्हणाले, "गाढवा, तीस वर्षं काचघरात टोमॅटो तोडले ते या एका शिक्क्यासाठी, आणि तो तू स्वतःवर मारून घेतलास!" त्याच आठवड्यात तू विमानानं परत हॉलंडला, उत्रेख्तला निघून गेलास.

जकातीच्या अधिकाऱ्याला मी बाबांच्या नावावरचे गाडीचे कागद दाखवले. तो बाईमाणसाला द्यायचा मान देत सभ्यपणे म्हणाला, "लल्ला, कागद कोणाचेही असोत. ज्याचे हात स्टिअरिंगवर, त्याची गाडी." उपायही त्यानंच सांगितला. मुलानं गाडी शेजारी स्पेनच्या हद्दीत, मेलिलात न्यायची आणि तिथून वडिलांनी ती स्वतः चालवत आत आणायची. "दुपारच्या जेवणाआधी मोकळे व्हाल," म्हणाला.

तू येशील म्हणून बाकीचं मी करत राहिले. बंदरावर क्रेन तपासायचं माझं काम संपलं की रोज हेच. कागदांवर ती मालवाहू व्हॅन, आणि आत पलंग, शेगडी, बेसिन. तपासणी केंद्रातला माणूस आत डोकावून म्हणाला, "यात माल कुठाय? इथे तर सून नांदेल." गॅसची नळी बदलली, जादा बॅटरीला फ्यूज बसवला, पलंग बोल्टनं तळाशी आवळला, तेव्हा त्यानं मान डोलावली. पण विमावाल्याला इथली नोंदणी हवी, नोंदणीवाल्यांना जकातीची सुटका हवी, आणि जकातीला स्टिअरिंगवर बसलेले बाबा हवेत. तिकडचा विमा वर्षअखेर संपतो. विमावाला म्हणतो, "चाकं काढा, लल्ला, घर म्हणून उतरवतो. स्वस्तात पडेल." मला हसू आलं नाही. यम्मा मात्र घरी ऐकून पोट धरून हसली.

तिला हसायला कारण आहे. बाबा गाडीतच झोपतात. स्वतः बांधलेल्या घरात त्यांना झोप लागत नाही. यम्मा म्हणते, "तीस वर्षं उन्हाळ्यापुरता नवरा होता. बारा महिन्यांचा झाला, तर अंगणात मुक्कामाला!" ते आतून ओरडतात, "ओट्यावरून टोमणे मारू नकोस, चहा घेऊन ये!" मग तीच चहाचं तबक घेऊन गाडीत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही. तुला त्यांनी लहानपणीच तिकडे नेलं. मला ते फक्त ऑगस्टमध्ये मिळायचे. लोकरीच्या पायघोळ जलाब्यात, थंडीनं नाक लाल झालेले बाबा मी यंदा पहिल्यांदा पाहते आहे.

बाबा चहा किती उंचावरून ओततात, तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात धार पेल्याबाहेर पडत राहिली आणि ते ओतत राहिले. पेला भरल्याचा आवाज येईना, तेव्हा थांबले. यम्मानं तबक पुसलं आणि म्हणाली, "या किटलीचं तोंडच वाकडं झालंय." किटली मी नंतर पाहिली. तोंड सरळ होतं.

मी त्यांना उजदाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी विचारलं, "हाजी, आधीची दोन ऑपरेशनं कुठे केलीत?" मला एकही माहीत नव्हतं; तुलाही नसावं. तिसऱ्याची तारीख याच उन्हाळ्यातली होती. ती चुकवून ते तुझ्याबरोबर निघाले. परतताना बसमध्ये म्हणाले, "दिसतंय तोवर स्वतः चालवत घरी यायचं होतं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बोटीतून उतरायचा उतारच दिसेना. म्हणून त्याला म्हटलं, तू बस." झोपेचं कारण खोटं होतं, इल्यास. बंदरात ते ओरडले तुझ्यावर, पण राग तुझ्यावर नव्हता.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सूट हवी तर तिकडचं वास्तव्य कायमचं सोडल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि ते दिलं की तिकडचा आरोग्यविमाही जातो. तुझं नाव लागलं नसतं तर बाबांनी ते केव्हाच लिहून दिलं असतं आणि आरोग्यविमाही गेला असता. उजव्या डोळ्यात जे उरलं आहे ते वाचेल, पण हॉलंडमधल्या आधीच्या डॉक्टरांकडेच न्या, असं इथले डॉक्टर सांगतात. विमानात ते बसणार नाहीत. गाडी निघाली तर निघतील, आणि ती फक्त तू हलवू शकतोस. मुदत संपायच्या आत ये. मेलिलापर्यंत नाही, उत्रेख्तपर्यंत ने. सूट गेली तर जाऊ दे. यम्माला मी सांगितलं. ती पुदिना निवडता निवडता म्हणाली, "बापाला ने म्हणावं. डोळे असले तर परतीचा रस्ता सापडेल त्याला." बाबांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून आतून काच पुसतात. शेजारच्या सीटचा पट्टा अडकत होता, तो मी काल दुरुस्त केला. त्यांना तिथे बसवायचं काम माझं. चालवायला तू ये.

तुझीच धाकटी,
वियाम