खुराडं आणि हातगुण

आये, पलीकडच्या खोलीतलीनं कोंबड्या पाळल्यात. तीच ती, तुझी लाडकी. आता आजी झाली, गुडघ्याला पट्टा बांधून चालते, पण राहते अजून तिच्या बापाच्याच खोलीत, जशी भाऊ विरारला गेल्यापासून मी तुझ्या. तिच्या मुलानं मोबाइलवरून तयार खुराडं मागवलं. खोक्यातून सुटे भाग आले, त्यानं स्क्रू पिळले, आणि दुपारपर्यंत मागच्या दारी, तू धुणं वाळत घालायचीस त्या दोरीच्या पलीकडे, हिरव्या छपराचा बंगला उभा राहिला. खालून ओढून काढायचा ट्रे, अंडी घ्यायला बाजूला झाकणाचा कप्पा. अख्खी चाळ बघायला लोटली. मिलच्या जागेवर टॉवर झालाय ना, तिथल्या बायकासुद्धा आता गावठी अंडी मागायला तिच्या दारात येतात. मी खिडकीतून बघत होते. बघत कसली, जळत होते. तुला खोटं सांगून काय उपयोग.

मग मलाही कोंबड्या हव्या झाल्या. आता खुराडं विकत आणायचं की बांधायचं, यावर माझी झोप उडाली. लेक फोनवर म्हणाली, आई, सरळ मागव, या वयात हातोडी कसली घेतेस. पटत होतं. तयार खुराडं झाडायला सोपं, हलवायला सोपं, पावसाळ्यात आत घेता येतं. पण तसंच आणलं तर सगळे म्हणणार, हिनं तिचं बघून आणलं. आणि खरं तेच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं असतं. शिवाय तुझं बोलणं कानात बसलेलं. बाबा म्हणाले होते, मार्केटातून पिंजरा आणू, तर तू म्हणालीस, “इकतच्या पिंजऱ्यात कोंबडी रवता, नांदणा नाय.” मग बाबांनी मिलमधून मागून आणलेली खोकी तू स्वतः फोडलीस, खिळे सरळ करून पुन्हा ठोकलेस, आणि खुराडं विटांवर उचलून ठेवलंस, कारण घुशी खालून उकरतात. पुढे गोणपाटाचा पडदा. त्या पडद्याला कोंबड्यांचा आणि तुझ्या हातांचा एकच वास यायचा.

पण त्या खुराड्याची आठवण निघाली की मला ही पलीकडचीच दिसते. एखादी कोंबडी खुडूक होऊन बसायची, उठायचं नाव घ्यायची नाही, की तू टोपलीत पेंढा घालायचीस. दाराच्या फटीतून ऊन यायचं, त्यासमोर एकेक अंडं धरून बघायचीस आणि चांगली तेवढी निवडून वेगळी काढायचीस. मी स्टोव्हपाशी भाकऱ्यांची राखण करत बसलेली. मला वाटायचं, आता मला बोलावशील. तू दारातून पलीकडे हाक मारायचीस, “ये गो बाय. तुझ्या हाताक गुण आसा.” ती फ्रॉकला हात पुसत यायची आणि माझ्या आईच्या टोपलीत, माझ्या आईच्या कोंबडीखाली उबवायला अंडी ठेवायची. पिल्लं निघायची. मोठी झाली की त्यातली एक तलंग, अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी, तिच्या घरी जायची, कारण कोंबडीखाली रवणीला अंडी ठेवणाऱ्या हाताला एक तलंग द्यायची गावची रीत. मला तलंगेचं काही नव्हतं. मला तो हात हवा होता.

एका वर्षी मी हट्टच धरला. रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तू मला ठेवू दिलीस. त्या रवणीतल्या एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नाही. तू ती कुजकी अंडी गटारात टाकून आलीस, हात धुतलेस आणि म्हणालीस, “ऱ्हवांदे. सगळ्यांच्याच हाताक गुण नसता.” रागावली असतीस तर मी विसरले असते. तू इतक्या सहज म्हणालीस की मी ते धरून बसले. सासरी कधी लोणच्याच्या बरणीत हात घातला नाही. विरजण लावायचं झालं तर जावेला पुढे करायचे. सगळे म्हणायचे, काय ही आळशी बाई. म्हणोत. आळशी म्हणवून घेणं सोपं होतं.

तर शेवटी मी बांधायला घेतलं. माळ्यावरच्या फळ्या काढल्या, तुझ्या मोडक्या खाटेचे पाय घेतले, लालबागच्या दुकानातून बारीक जाळी आणली. दार असं अरुंद झालं की माझा स्वतःचाच दंड आत जाईना, पुन्हा कापावं लागलं. पलीकडची रोज चहाचा कप घेऊन मधल्या बुटक्या भिंतीशी उभी. हे वर घे, ते खाली घे. एके दिवशी खिळा वाकला आणि ती हसली, तशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, तुझं बरं आहे, तुझ्या हाताला गुण, तुला विकतचंही लाभतं.

तिनं कप भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, “कसला गुण गं? अंडी तुझी आई निवडायची, मी नुसती ठेवायचे. आमच्याकडे तलंग यावी म्हणून बोलवायची मला.”

मी हातोडी खाली ठेवली. तिचा बाप छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला, हे मला माहीत होतं. तिची आई मानी, हेही. आपण वाटीभर आमटी पाठवली तर वाटी रिकामी परत यायची नाही, तळाशी निदान गुळाचा खडा असायचा. अशा घरात फुकट काही देता येत नाही. हाताचं मानधन म्हणून मात्र कोंबडी देता येते. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, कारण मला फक्त जळायचं होतं.

“आणि तुझी अंडी गेली ती गडगडाटानं,” ती म्हणाली. “वळीव झाला होता त्या आठवड्यात, आणि ढग गडगडले की रवणीतली अंडी नासतात म्हणतात. तुझी आईच माझ्या आईला सांगत होती, पोरीच्या हाताचा काही दोष नाही म्हणून.”

आये, माझ्या हाताचा दोष नाही, हे तू त्यांच्या घरी जाऊन सांगितलंस. मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर पुढच्या वेळी मी पुन्हा हट्ट धरला असता आणि तलंग आपल्याच घरी राहिली असती. कळतं मला. चांगलंच कळतं, मीही संसार केलाय. पण कळलं म्हणून पोटातलं दुखणं थांबत नाही. माझी विरजणं, माझी लोणची, तिच्या घरच्या कोंबडीपायी गेली. तू गेलीस तेव्हा ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली, ते मला तेव्हाही खपलं नव्हतं. आता तर तुझ्याबद्दलची खरी गोष्टही मला तिच्याच तोंडून ऐकावी लागली.

खुराडं झालं. एका अंगाला कललंय, पण विटांवर आहे आणि घुशीची छाती होणार नाही. कोंबड्या त्यात नांदतात, तुझं खरं ठरलं. तिच्या बंगल्यातल्याही नांदतात, ते मी तिला सांगितलेलं नाही. परवा माझी तांबडी खुडूक बसली. चुलत वहिनी गावाहून येणार होती, तिच्याकडून डब्यात कोंडा भरून अंडी मागवली, कारण कोंबड्याशिवायच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, आणि इथे कोंबडा ठेवला तर आरवण्यावरून भांडणं. टोपलीत पेंढा घातला. दाराच्या फटीतल्या उन्हात एकेक अंडं धरून निवडलं. आभाळ स्वच्छ होतं. आता फक्त ठेवायची होती, आणि ठेवायला मीच होते.

हे पत्र टाकायला पेटी नाही. खुराड्यात पेंढ्याखाली अंथरायला कागद लागतोच, तिथे जाईल. जायच्या आधी एवढं सांगते. मी टोपली घेऊन बराच वेळ उभी राहिले, आणि मग भिंतीवरून तिला हाक मारली. म्हणाले, “ये गं जरा. तुझ्या हाताला गुण आहे.” तिला वाटलं मी तुझी नक्कल करते. हसत हसत आली, पदराला हात पुसले, अंडी ठेवली. एक तलंग तिची, हेही मी कबूल केलंय. तू ते म्हणायचीस तिच्या आईचा मान राखायला. मी म्हणाले, ते मला अजून खरं वाटतं म्हणून.